प्रकल्पांची पळवापळवी आणि तिची किंमत

एखादा मोठा उद्योग शेजारच्या राज्यात गेल्याची बातमी आली, की महाराष्ट्रात केवळ आर्थिक चर्चा होत नाही; थेट राज्याच्या अस्मितेचा प्रश्न उभा राहतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प पुण्याजवळील तळेगावऐवजी गुजरातला जाणार, हे जाहीर झाले तेव्हा नेमके हेच घडले. गुंतवणूक १ लाख ५४ हजार कोटींची आणि रोजगार सुमारे एक लाख, असे सांगितले जात होते. सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात आरोप-प्रत्यारोप झडले. मात्र जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने या भागीदारीतून अंग काढून घेतले. ज्या कारखान्यावरून एवढे रण माजले, तो कोठेच उभा राहिला नाही.

स्पर्धा जुनीच

महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये १ मे १९६० या एकाच दिवशी अस्तित्वात आली. मुंबई-पुण्याबाहेर उद्योग न्यावेत, यासाठी महाराष्ट्राने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. १९९१ नंतर बहुतेक उद्योगांवरील परवान्यांचे बंधन उठले आणि राज्यांमधील स्पर्धा खुली झाली. विक्रीकरात सूट देण्याची चढाओढ इतकी वाढली, की तिला आवर घालण्यासाठी जानेवारी २००० पासून किमान करदर ठरवून घ्यावे लागले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर कराचे दर परस्पर कमी करण्याची वाट बंद झाली. तथापि, आपल्या वाट्याच्या कराचा परतावा, वीज शुल्कात माफी, स्वस्त जमीन आणि भांडवली अनुदान या मार्गांनी स्पर्धा सुरूच राहिली.

एका नोकरीमागे किती?

या सवलती अखेर करदात्याच्या खिशातूनच जातात. गुजरातमधील साणंद येथील मायक्रॉन कंपनीचा प्रकल्प २०२३ मध्ये जाहीर झाला. एकूण खर्च २७५ कोटी डॉलर. त्यातील ५० टक्के केंद्र आणि २० टक्के गुजरात सरकार देणार, कंपनीचा वाटा ८२.५ कोटी डॉलरपर्यंत. थेट रोजगार पाच हजारांपर्यंत. त्या वेळच्या विनिमय दराने हिशेब मांडल्यास प्रत्येक थेट नोकरीमागे सरकारी मदत तीन कोटी रुपयांच्या घरात जाते.

अर्थात, सवलतींचा पैसा नेहमी वायाच जातो, असे नाही. पश्चिम बंगालमधील सिंगूर सोडून टाटांची नॅनो २००८ मध्ये साणंदला आली. ही मोटार बाजारात टिकली नाही. पण कारखाना टिकला आणि तेथे टियागो, टिगोर तयार होऊ लागल्या. फोर्डनेही साणंद निवडले. तिने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबविण्याची घोषणा केल्यानंतर तो कारखाना जानेवारी २०२३ मध्ये टाटांनी घेतला. मोटार गेली, कंपनी बदलली, तरी सुटे भाग पुरविणारे आणि कुशल कामगार यांचे जाळे उपयोगी पडले. तळेगाव-चाकण परिसराचे बळही अशाच जाळ्यात आहे.

म्हणूनच सामंजस्य करारांची बेरीज हे यशाचे माप ठरू शकत नाही. करारांपैकी किती कारखान्यांत उत्पादन सुरू झाले, किती जणांना कायम नोकरी मिळाली आणि त्यासाठी तिजोरीतून किती गेले, हे तीन आकडे प्रत्येक राज्याने दरवर्षी एकत्र प्रसिद्ध करायला हवेत. नोकरीच्या प्रतीक्षेतील तरुणाच्या दृष्टीने प्रकल्प कोणी पळविला, यापेक्षा तो उभा राहिला का, हाच प्रश्न मोठा आहे.