पेटंटची तोंडओळख (लेखांक ६) : काटा जुना, वेढा नवा

पेटंटसाठी नावीन्य लागतं, हे मागच्या लेखात पाहिलं. मग तशीच वस्तू आधी कोणीतरी बनवलेली असताना दुसऱ्याला पेटंट मिळतंच कसं?

उत्तर अर्जातल्या ‘दाव्यां’मध्ये आहे. आपला हक्क नेमका कशावर, हे अर्जदार त्यांत शब्दांनी बांधून देतो. तपासनीस जुनी पेटंटं आणि छापील मजकूर धुंडाळतो. दाव्यातली सगळी अंगं एकाच जुन्या वस्तूत सापडली, तर नावीन्य संपलं. एखादं अंग वेगळं निघालं, तर पुढची कसोटी : त्या धंद्यातल्या जाणकाराला हा फरक सहज सुचला असता का? सुचला असता, तर पेटंट नाही.

काटेरी तारेचंच पाहा. 1867 मध्ये अमेरिकेत विल्यम हंट याने तारेवर फिरत्या काटेरी चकत्या ओवून पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी मायकेल केली याने पत्र्याच्या टोकदार तुकड्यांना भोकं पाडून ते तारेत ओवले आणि शेजारून दुसरी तार पिळली. तरीही इलिनॉयमधल्या डीकाल्बचा शेतकरी जोसेफ ग्लिडन याला 1874 मध्ये पेटंट मिळालं. त्याने पत्रा सोडला. तारेचाच आखूड तुकडा मुख्य तारेला वेढून त्याची टोकं बाहेर ठेवली आणि दुसऱ्या तारेच्या पिळाने तो जागच्या जागी आवळला. काटा सरकेना की फिरेना.

भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. पूर्वी आयोवातल्या एका जत्रेत असंच कुंपण पाहिल्याचं सांगणारे साक्षीदार उभे राहिले. पण कैक वर्षांपूर्वीच्या नुसत्या आठवणींवर विसंबायला कोर्ट तयार झालं नाही. 1892 च्या निकालात कोर्टाने मायकेल केलीच्या आणि ग्लिडनच्या तारेतला फरक बारीक असल्याचं मान्य केलं. मात्र व्यवहारात चालणारं कुंपण त्या फरकामुळेच झालं, म्हणून पेटंट टिकलं.

आपल्याकडे मिर्झापूरच्या भांड्यांचा दावा उलटा गेला. भांडी लेथवर धरण्याच्या पद्धतीला 1951 चं पेटंट होतं. जुन्या रीतीत चालू लेथवरून भांडं उडण्याची भीती असे. पेटंटात समोरून टेलस्टॉकचा टोकदार आधार दिला होता. लेथवाल्यांना टेलस्टॉक आधीपासूनच ठाऊक, ही तर कारखान्यातली साधी सुधारणा, असं म्हणून 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मोडीत काढलं. कार्यालयाने पेटंट दिलं म्हणजे ते कोर्टात टिकेलच, असं नाही.

आणखी एक मेख आहे. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. स्वतः वस्तू बनवायला ते पुरेलच असं नाही, कारण आधीच्याचा हक्क आडवा येऊ शकतो. म्हणूनच ग्लिडनचं पेटंट घेणाऱ्या वॉशबर्न अँड मोएन कंपनीने हंट आणि केली यांची जुनी पेटंटंही पदरात पाडून घेतली. एकमेकांत अडकलेल्या अशा हक्कांचा हिशेब पुढच्या आठवड्यात.