विहाराचा काळ आणि शहराची हवा

कार्तिकात चातुर्मास संपतो आणि चार महिने एका ठिकाणी स्थिरावलेले साधू-साध्वी पुन्हा पायी विहाराला निघतात. छत्रपती संभाजीनगरच्या हवेचे वार्षिक चक्र पाहिले, तर येथे एक विचित्र योग ध्यानी येतो. संतांचा मुक्काम असतो त्या पावसाळ्यात हवा वर्षातील सर्वांत निर्मळ असते. विहार सुरू होतो त्याच सुमारास ती बिघडू लागते.

कारण सोपे आहे. पाऊस हवेतील कण धुऊन खाली आणतो आणि ओली जमीन धूळ उडू देत नाही. पाऊस सरला की आकाश निरभ्र होते, रात्री जमीन लवकर थंडावते आणि तिच्यालगतची हवा गार व जड होते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. मग वाहनांचा धूर, रस्त्यांवरची माती, वाळूज-चिकलठाण्याची धुराडी, शेकोट्या, पेटवलेला कचरा आणि भोवतालच्या शिवारातील जाळ या सर्वांचे कण खालीच कोंडून राहतात. ऊन चढून जमीन तापेपर्यंत हे झाकण उघडत नाही. म्हणूनच पहाटेची जी वेळ आपण शुद्ध हवेची मानतो, तीच हिवाळ्यात बहुधा अधिक दूषित असते. ईर्यासमितीचे पालन करीत, वाट नीट दिसू लागल्यावर निघणारे साधू-साध्वी नेमके त्याच वेळी महामार्गाच्या कडेने चालत असतात.

मानके काय सांगतात?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची राष्ट्रीय मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत आपले शहर आहे. शेजारचे जालनाही आहे. सर्वाधिक चिंता पीएम २.५ या सूक्ष्म कणांची. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे हे कण फुफ्फुसांच्या तळापर्यंत आणि तेथून रक्तातही पोहोचतात. एका घनमीटर हवेत त्यांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे आपले मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ सुचविली.

शिवारातील जाळ

दोष केवळ शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. शहराची धूळ आणि धूर शहराचेच आहेत. तरीही कापसाची अखेरची वेचणी झाली की पऱ्हाट्या पेटतात, पैठण-गंगापूरच्या उसाच्या फडांत पाचट पेटते, उन्हाळ्याच्या तोंडाशी बांध पेटतात, हे आपण पाहतो. मजुरी महाग आणि रान लवकर मोकळे हवे, म्हणून काडी ओढली जाते. २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने राज्यातील कापूस उद्ध्वस्त केल्यापासून अळीची धास्तीही त्यात मिसळली आहे. अळीवर उपाय म्हणून फरदड न घेता हंगाम वेळेवर संपवावा आणि पऱ्हाट्या यंत्राने बारीक करून त्यांचे खत करावे, असे कृषी तज्ज्ञ सांगतात. खोडव्यात सरींमध्ये पसरलेले पाचट ओल धरून ठेवते आणि कुजून जमिनीचा कस वाढवते. जाळले तर राख तेवढी उरते. गांडुळे, मुंग्या, पाखरांची घरटी आणि मातीतील असंख्य जीव मात्र जातात.

श्रावकाचा धर्म

आपल्या आचार्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. उपासकदशांग सूत्रात श्रावकाने वर्ज्य करावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. वन वा रान पेटवून देणे, म्हणजे दवाग्निदापन, हे त्यांतील एक. श्वेतांबर परंपरेच्या प्रतिक्रमणात आपण त्याचा उच्चार करतो. पण रानाला आग लावणारे कोणी दुसरेच, असे मनोमन धरून चालतो. वायुकाय आणि पृथ्वीकाय यांना जीव मानणाऱ्यांनी धुराकडे केवळ आरोग्याच्या नजरेने पाहून कसे चालेल?

आपल्यापैकी अनेकांची शेती बटईने किंवा ठोक्याने दिलेली आहे. करार करतानाच 'रान पेटवायचे नाही' ही अट घालावी आणि पऱ्हाट्यांची कुट्टी करण्याच्या खर्चात वाटा उचलावा. अट घालून खर्च टाळणे हा न्याय नव्हे. मोंढ्यातील अडत्यांचा आणि कृषी सेवा केंद्रांचा शब्द शेतकरी मानतो. चार दुकानांनी मिळून एक कुट्टी यंत्र भाड्याने उपलब्ध ठेवले, तर तो व्यवहारही ठरेल आणि जीवदयाही. दुकान वाढवताना खोकी, फाटकी पोती आणि प्लास्टिक दारात पेटवण्याची सवय आजच सोडता येईल. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव कचरा डेपोविरुद्ध ग्रामस्थ उभे राहिले आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचून ते जागोजागी पेटले. तेव्हाचा धूर आपण विसरलेलो नाही.

विहारात सोबत जाणाऱ्या मंडळांनी शक्य तेथे महामार्गाऐवजी आतल्या गावरस्त्याचा मार्ग महाराजसाहेबांपुढे विनयाने ठेवावा. निर्णय अर्थात त्यांचा. मुहपत्ती वायुकायाच्या जीवांची यतना करण्यासाठी आहे, सूक्ष्म कण तिने अडत नाहीत, हेही लक्षात असावे. घरातील ज्येष्ठांनी आणि दम्याच्या रुग्णांनी थंडीत फिरायला जाणे ऊन चढेपर्यंत लांबवावे आणि धुक्यासारखा धूर दिसत असेल त्या दिवशी घरीच थांबावे.

आपण पाणी गाळून पितो, रात्रीचे जेवण टाळतो, पाऊल जपून टाकतो. श्वास मात्र कोणालाच गाळून घेता येत नाही. शेतकरी, साध्वी आणि गादीवर बसलेला व्यापारी यांचा श्वास एकाच हवेतून चालतो. म्हणून ती राखण्याची यतनाही सर्वांनी मिळूनच करावी लागेल.