हातसूत आणि लोकर : एका मागावरची सोयरीक

खादी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा कापसाचेच वस्त्र उभे राहते. परंतु १९५६ च्या खादी व ग्रामोद्योग आयोग कायद्यातील व्याख्या याहून व्यापक आहे. भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी वा लोकरी धाग्यांचे, किंवा त्यांच्या मिश्रणाचे, येथल्याच हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी होय. कायद्याला मान्य असलेले हे मिश्रण मागावर मात्र सहजासहजी जुळत नाही. कापूस आणि लोकर यांचे स्वभाव भिन्न आहेत. ते ओळखून घेणे, हाच विणकराच्या प्रयोगाचा खरा विषय.

तंतूची जाडी आणि त्याचे काम

मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीचा तंतू सुमारे २० मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पश्मिन्याचा तंतू तर १२ ते १६ मायक्रॉनच भरतो. तंतू ३० मायक्रॉनहून जाड झाला, की त्याची ताठ टोके त्वचेला टोचू लागतात. आपल्याकडील बहुतेक मेंढ्यांची लोकर अशी भरड असते. दख्खनी मेंढीची लोकरही याच जातीची. तिचा सदरा करू नये हे खरे. पण म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. घोंगडी, जाजम, आसन, पिशवी, जाड बाहेरची शाल यांसाठी तिच्यातील ताठपणा हाच गुण होय.

धाग्याची परीक्षा

हातसुताची जाडी सर्वत्र सारखी नसते. म्हणून प्रथम धागा पट्टीवर शेजारी शेजारी, न ताणता गुंडाळावा व एका इंचात किती वेढे बसतात ते मोजावे. वेढे २४ भरले, तर साध्या विणीसाठी इंचाला सुमारे १२ उभे धागे पुरतात. धुऊन दाट करावयाच्या लोकरीसाठी ते आणखी थोडे विरळ ठेवावेत.

ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या वाट्याला ताण आणि फणीचे घर्षण ही दोन्ही येतात. एकेरी हातसूत तेथे उसवते आणि तुटते. यावर उपाय दोन. एक, दोन धागे मूळ पिळाच्या उलट दिशेने एकत्र पिळून दुहेरी करावेत. दुसरा, धाग्याला खळ द्यावी. घोंगडीचे विणकर चिंचोक्यांची खळ वापरीत आले आहेत, ती याच कारणाने. ज्याला हे दोन्ही कठीण वाटते, त्याने ताणा गिरणीच्या दुहेरी सुताचा घेऊन हातकताईचा धागा बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत वापरून शिकावे. अर्थात ते कापड खादी म्हणवणार नाही. बाण्यासाठी दोन लडींचे धागे आलटून पालटून टाकावेत. जाडीतील फरक मग पट्ट्यांसारखा दिसत नाही. तो कापडभर सारखा पसरतो.

पाण्यातले उत्तर

मागावरून उतरलेले कापड हे अर्धेच कापड. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी, साबण व चोळणे यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून दाट होते. कापूस असा आटत नाही. ताण्यात सूत व लोकर यांचे पट्टे शेजारी शेजारी घेतले, तर धुतल्यावर लोकर आखडते आणि सुती पट्टे फुगून उठतात. नकळत घडले तर हा दोष. योजून केला तर हीच नक्षी. यासाठी प्रथम एक फूट लांबीरुंदीचा नमुना विणावा, मोजावा, धुवावा, वाळवावा, पुन्हा मोजावा. आणि ते आकडे धाग्याच्या तुकड्यासह वहीत नोंदवावेत.

धाग्यामागची माणसे

कच्छमध्ये रबारी मेंढपाळांची लोकर, त्यांच्या स्त्रियांची कताई आणि वणकरांचा माग यांचे पिढ्यानपिढ्यांचे नाते होते. गिरणीत कातलेली मेरिनो आणि पुढे कृत्रिम ॲक्रिलिक धागा आला, तसे ते सैल झाले. २००१ च्या भूकंपानंतर, २००५ साली, कच्छमधील हस्तकलांसाठी ‘खमीर’ ही संस्था उभी राहिली. पावसाच्या पाण्यावर येणाऱ्या, आखूड तंतूच्या काळ्या कपाशीचे सूत आणि देशी लोकर यांना पुन्हा मागावर आणण्याचे काम तिने हाती घेतले.

या खटाटोपाचे मोल केवळ सौंदर्याचे नाही. भरड लोकरीला गिऱ्हाईक नसेल, तर मेंढपाळाला कातरणीचा खर्चही सुटत नाही आणि लोकर रानात टाकून द्यावी लागते. लोकर गेली की कातणारीचे काम जाते, आणि तिच्या बोटांतील पिळाचे ज्ञान एका पिढीत लोपते. त्या लोकरीस योग्य असे एखादे नवे कापड ज्या विणकराला सापडते, तो आपल्या मागाबरोबर आणखी दोन घरांच्या चुली पेटत्या ठेवतो.