मुकी यंत्रे आणि यादीची साफसफाई

मतदारयादीत मृताचे नाव राहिले तर त्याच्या नावाने भलताच कोणी मत देऊन जाण्याचे भय असते. आणि जिवंत माणसाचे नाव गळले तर त्याला मतदान केंद्रावरून हात हलवीत परतावे लागते. म्हणूनच नाव वगळण्यापूर्वी अर्ज, नोटीस आणि चौकशी असा क्रम घालून दिलेला आहे. संस्थेच्या संगणकांची व फोनांची यादी साफ करतानाही हाच विवेक लागतो.

आज बँका, शाळा, कचेऱ्या आपली यंत्रे एका मध्यवर्ती प्रणालीतून सांभाळतात. मायक्रोसॉफ्टची इंट्यून ही त्यांपैकी एक. तिच्याशी जोडलेले यंत्र साधारणतः दर आठ तासांनी मध्यवर्ती ठिकाणी हजेरी देते आणि नवे नियम उचलते. हजेरी थांबली की ते यंत्र मुके झाले. अशी नावे साचली की यंत्रांची मोजदाद खोटी ठरते. शिवाय ज्या यंत्राला प्रवेशाचा परवाना आहे पण सुरक्षेची दुरुस्ती पोचलेली नाही, ते चोराच्या हाती पडल्यास घराची उघडी खिडकीच होय.

मग किती दिवसांच्या मौनानंतर नाव काढावे? इंट्यूनमध्ये ही मुदत ३० पासून २७० दिवसांपर्यंत ठरविता येते. पण आपल्या सेलूचेच पाहा. शाळेतील संगणक मे महिन्याच्या सुटीत दीड महिना बंद राहतात. जिनिंगचा हंगाम दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. पुढे पावसाळाभर तेथील संगणकावर धूळ बसते. तीस दिवसांचा नियम लावला तर शाळा उघडण्यापूर्वीच तिची यंत्रे यादीतून जातील. नव्वद दिवसांचा लावला तर जिनिंगची जातील. मुदत कामाच्या ऋतूवरून ठरवावी, सोयीच्या आकड्यावरून नव्हे.

मौनाचे कारण तर आकड्यावरून कधीच कळत नाही. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना २०१९ साली शासनाने स्मार्टफोन दिले. त्यांची अपुरी स्मरणक्षमता, वारंवार होणारे बिघाड आणि मराठीची गैरसोय यांना कंटाळून ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर अनेक सेविकांनी ते परत केले. परत केलेला, हरवलेला आणि कपाटात पडलेला, असे तिन्ही फोन यादीत सारखेच मुके दिसतात. पण तिघांची व्यवस्था मात्र निरनिराळी करावी लागते. हरवलेल्या फोनमधील माहिती तत्काळ पुसण्याचा आदेश द्यावा लागतो. परत आलेला फोन नोंद करून रिकामा करावा लागतो. कपाटातला नुसता चार्ज केला तरी पुरे.

यास्तव आम्ही पुढील क्रम सुचवितो. प्रथम मुक्या यंत्रांची यादी काढून प्रत्येक यंत्र कोणाच्या ताब्यात आहे ते विचारावे. उत्तर न आल्यास त्याचा प्रवेश बंद करावा, पण नाव ठेवावे. काही आठवडे वाट पाहावी. कोणी तक्रार घेऊन आले तर प्रवेश पुन्हा सुरू करणे क्षणाचे काम. त्यानंतरच नाव खोडावे. ही घाई न करण्याचे ठोस कारण आहे. विंडोज संगणकाच्या तबकडीला बिटलॉकरचे कुलूप असते आणि त्याची राखीव किल्ली पुष्कळदा त्या यंत्राच्या मध्यवर्ती नोंदीतच ठेवलेली असते. नोंद खोडली की किल्लीही जाते; मग कुलूप अडकले आणि किल्लीची दुसरी प्रत नसली, तर वर्षांचे हिशेब समोर असूनही वाचता येत नाहीत.

प्रणाली फक्त दिवस मोजते. यंत्र कोणाला दिले, केव्हा दिले, परत केव्हा आले, हे सांगणारी साधी नोंदवही ज्या कचेरीत आहे, तिलाच यादी निर्धास्तपणे साफ करता येईल.