वर्धेची वाळू, काकीनाड्याचा किनारा

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही बंगालच्या उपसागरावरील एक किनारा गेली दीडशे वर्षे आपला आकार बदलत आहे, आणि त्यातील थोडी वाळू तरी वणी-मारेगावच्या नदीपात्रांतून गेलेली असणार. वणी तालुक्यातील जुगादजवळ पैनगंगा वर्धेला मिळते. पुढे वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, सिरोंचाजवळ ती गोदावरीत विलीन होते आणि राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरनंतर गोदावरीच्या शाखा समुद्राकडे वळतात.

जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. त्याची झीज होऊन प्रामुख्याने चिकण माती बनते. ती पुराच्या पाण्यात तरंगत थेट समुद्र गाठते. वाळूचे तसे नाही. ती तळाशी घरंगळत, उड्या मारत सरकते. पूर ओसरला की वळणावर थांबते आणि पुढच्या मोठ्या पुराची वाट पाहते. तिचा हा प्रवास वर्षांत नव्हे, पिढ्यांत मोजावा लागतो.

नदी समुद्राला भेटली की पाण्याचा वेग एकदम मंदावतो आणि जड कण तिथेच खाली बसतात. मुखासमोर पाण्याखाली वाळूचा बांध तयार होतो. तो दिसत नाही, पण किनाऱ्याचे भवितव्य तोच ठरवतो. खोल पाण्यातून येणारी लाट उथळ बांधावर आली की तिचा वेग कमी होतो, ती वळते आणि फुटते. त्यामुळे बांधामागचा किनारा शांत राहतो, तर वळलेल्या लाटांचा जोर एकवटतो तेथील किनारा झिजू लागतो. बांध सरकला की हे गणितही सरकते. कोकणात हाच खेळ दरवर्षी पाहायला मिळतो. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीवरील वाळू ओढून समोर पाण्याखाली नेऊन ठेवतात. दिवाळीनंतरच्या सौम्य लाटा ती हळूहळू परत आणतात. देवबागसारख्या अरुंद वाळूच्या दांड्यावर राहणाऱ्यांना या देवघेवीची धास्ती चांगलीच ठाऊक आहे.

लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात, तेव्हा वाळू किनाऱ्याला समांतर वाहू लागते. आंध्रच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात हा ओघ उत्तरेकडे असतो. गोदावरीच्या गौतमी शाखेच्या मुखातून बाहेर पडलेली वाळू त्याच ओघाने उत्तरेला सरकत गेली आणि तिच्यातून सुमारे १६ किलोमीटर लांबीचा एक दांडा उभा राहिला. त्याला होप बेट म्हणतात, आणि किनाऱ्यालगत त्याची नैसर्गिक भिंत लाभल्याने काकीनाडा बंदर लाटांपासून सुरक्षित आहे. मागच्या शांत पाण्यात कोरिंगाचे खारफुटीचे जंगल फोफावले. मात्र जहाजबांधणीसाठी एकेकाळी नावाजलेले जुने कोरिंगा बंदर १८३९ च्या भीषण चक्रीवादळाने आणि गाळाने संपले. वाळू एकाला देते तेव्हा दुसऱ्याचे काढून घेते, असेच म्हणावे लागेल.

याचा सर्वांत कटू अनुभव काकीनाड्याच्या उत्तरेकडील उप्पाडा गावाचा. तिथे घरे, रस्ते, मंदिरे समुद्राने गिळली. वाळू भरलेल्या कापडी नळ्यांची भिंत घालून पाहिली, तिचीही लाटांनी दुर्दशा केली. दांड्याच्या वाढीने लाटांची दिशा बदलली आणि उत्तरेकडे जाणारी वाळू अडली, हे त्यामागचे एक प्रमुख कारण अभ्यासक सांगतात.

दुसरे कारण मात्र आपल्या जवळचे आहे. गोदावरीतून समुद्रात जाणारा गाळ १९७० च्या दशकाच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाला आहे. पैनगंगेवरील इसापूर, दिग्रसजवळील अरुणावती, बाभूळगावकडील बेंबळा या जलाशयांनी शेतीला पाणी दिले, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. पण धरणाच्या भिंतीशी पाण्याबरोबर गाळही थांबतो. त्यात भर पडते ती वाळूघाटांवरील उपशाची. लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. तरीही रात्रीच्या ट्रॅक्टरांची रांग वणी-उमरखेडच्या रहिवाशांना अपरिचित नाही. उपशाने पात्र खोल जाते, काठच्या विहिरींची पातळी खालावते. हे नुकसान इथेच दिसते. मुखाशी पोहोचायची वाळू मात्र घरांच्या भिंतींत बसते, आणि तिची उणीव समुद्र किनाऱ्यातून भरून काढतो.