नावं नसलेली कॅसेट

पाच वर्षांच्या मिशेलचा वाढदिवस आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं, डोंगराळ भागातलं आडबाजूचं घर. आजी, तिचे तीन मुलगे, घरातल्या बायका, टेबलावर केक. मायकेलनं नवा कॅमकॉर्डर आणलाय आणि तो काही केल्या हातातून खाली ठेवायला तयार नाही. सगळे एकाच वेळी बोलतायत, कुणाचं वाक्य पुरं होत नाही, थट्टामस्करी चाललीय, कुणी कॅमेऱ्यावर वैतागतंय. बराच वेळ याखेरीज काही घडतच नाही. मग दिवे जातात. भाऊ बाहेर बघायला निघतात, मायकेल कॅमेऱ्यासकट त्यांच्या मागे. पुढे लाल उजेड दिसतो. तिथं काहीतरी उतरलंय आणि त्याच्याभोवती बुटक्या आकृत्या वावरतायत.

यापुढचा चित्रपट म्हणजे घराकडे ठोकलेली धूम, लावलेली दारं, बाहेर काढलेली बंदूक आणि वाट पाहणं.

डीन अलिओटो या तरुण दिग्दर्शकानं १९८९ साली काढलेल्या या चित्रपटाचं मूळ नाव 'यूएफओ अब्डक्शन'. खर्च साडेसहा हजार डॉलर. त्याच वर्षी जेम्स कॅमेरॉनचा 'द अबिस' आला होता. त्यातही परग्रहवासी होते आणि खर्च चार कोटी डॉलरच्या वर गेला होता. अलिओटोकडच्या पैशात कॅमेरॉनच्या पथकाचं एका दिवसाचं जेवणही निघालं नसतं. तरीही पुढं जे रामायण घडलं ते त्याच्याच चित्रपटाच्या वाट्याला आलं.

हाती पैसा नसणाऱ्या दिग्दर्शकाला परग्रहवासीयांनी केलेल्या अपहरणाची गोष्ट का सोयीची पडते, हे या एका चित्रपटातून लख्ख कळतं. अंतराळयुद्ध दाखवायचं तर यानं हवीत, शहरं उद्ध्वस्त व्हायला हवीत. अपहरणाच्या गोष्टीला लागते एक रात्र, एक एकाकी घर आणि घाबरलेली माणसं. अंधार फुकट मिळतो. घरगुती चित्रीकरण असल्याचं एकदा ठरवलं की पार्श्वसंगीताची गरज उरत नाही, प्रकाशयोजना लागत नाही, कॅमेरा हलला तर तो हलायलाच हवा असतो. ओळखीचा नट घेतला तर उलट नुकसान, कारण बघणाऱ्याला लगेच कळतं की हे नाटक आहे. अलिओटोनं नवखे कलाकार घेतले, त्यांना प्रसंग समजावून दिले आणि संवाद बरेचसे त्यांच्यावरच सोपवले. कॅमेरा धरणारा मायकेल तो स्वतःच झाला. परग्रहवासी म्हणजे मोठ्या काळ्या डोळ्यांचे मुखवटे घातलेली लहान मुलं. भर उजेडात ती शाळेच्या स्नेहसंमेलनातली वाटली असती. अंधारात, लांबून, क्षणभर दिसल्यावर पोटात गोळा येतो.

चित्रपट काही निर्दोष नाही. आरडाओरडा गरजेपेक्षा जास्त आहे, मधला काही भाग रेंगाळतो. पण त्यातला पत्त्यांचा प्रसंग मला अनेक महागड्या भयपटांपेक्षा सरस वाटतो. बाहेर काय आहे हे ठाऊक असूनही घरातली मंडळी पत्ते खेळायला बसतात. घरात लहान मूल असलं की मोठ्यांना भीतीसुद्धा गिळून टाकावी लागते. हात पत्ते वाटतायत, आवाज उगाचच मोठे झालेत, प्रत्येक जण दाराकडे न बघण्याचा आटापिटा करतोय. आपल्या घरी दवाखान्यातून येणाऱ्या फोनची वाट पाहताना माणसं अशीच बोलत असतात.

चित्रपट तयार झाला, एका छोट्या वितरकानं तो घेतला आणि मग वितरकाच्या गोदामाला आग लागली. मास्टर कॅसेट जळाली, वेष्टनाची चित्रं जळाली. तिथंच हे प्रकरण संपायचं. पण त्याआधी काही प्रती बाहेर पडल्या होत्या. त्यांच्यावरून कुणीतरी नकला केल्या, नकलांवरून आणखी नकला झाल्या आणि या खटाटोपात कधीतरी शेवटची श्रेयनामावली गळून पडली. आता त्या कॅसेटवर ना दिग्दर्शकाचं नाव होतं, ना नटांची. उरलं होतं एका कुटुंबानं स्वतःच्या अखेरच्या रात्रीचं केलेलं चित्रीकरण.

व्हीएचएस कॅसेटची नक्कल करताना काय व्हायचं, हे गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून चित्रपट आणलेल्या पिढीला सांगायला नको. मुळात त्या फितीवर आडवा तपशील सुमारे २४० रेषांपुरताच मावायचा. प्रत्येक नकलेत रंग कडेला ओघळायचे, काळ्या भागात मुंग्या यायच्या, आवाजावर खरखर चढायची. सर्वसाधारण चित्रपटाचं यात वाटोळं होतं. अलिओटोच्या चित्रपटाचं भलं झालं. मुखवट्याची शिवण, रबराची चमक, असलं जे काही पकडता आलं असतं ते प्रत्येक नकलेगणिक पुसट होत गेलं. कॅसेट जितकी खराब, तितकी ती खरी वाटू लागली.

नव्वदच्या दशकात ती उडत्या तबकड्यांच्या अभ्यासकांच्या आणि भक्तांच्या वर्तुळात जाऊन पोचली, त्यांच्या मेळाव्यांत पुरावा म्हणून दाखवली जाऊ लागली. अलिओटोनं पुढं येऊन हे माझं काम आहे असं सांगितलं, तेव्हा काहींनी त्याच्यावरच संशय घेतला. खरं चित्रीकरण दडपण्यासाठी हा माणूस उभा केलाय, असा तो संशय. एकदा मनानं घेतलं की खुलासासुद्धा कटाचाच भाग होतो.

लोक इतके भोळे कसे, असं म्हणून हसण्याआधी त्यांच्या डोक्यात आधीपासून काय होतं ते पाहायला हवं. १९ सप्टेंबर १९६१च्या रात्री न्यू हॅम्पशायरमधल्या व्हाइट माउंटन्समधून गाडीनं घरी परतणाऱ्या बेटी आणि बार्नी हिल या जोडप्याला आकाशातला एक दिवा पाठलाग करतोय असं वाटलं. घरी पोचायला अपेक्षेपेक्षा दोनेक तास उशीर झाला आणि त्या तासांचा हिशेब त्यांना लागेना. ती गोरी समाजसेविका, तो कृष्णवर्णीय टपाल कर्मचारी. त्या काळच्या अमेरिकेत अशा जोडप्याला रस्त्यावर ताण काही कमी नसे. १९६४ मध्ये बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ बेंजामिन सायमन यांनी दोघांना संमोहनाखाली बोलतं केलं आणि यानात नेऊन केलेल्या तपासणीची हकिकत बाहेर आली. सायमन यांचं स्वतःचं मत होतं की बेटीला पडलेल्या स्वप्नांतून हे सारं उभं राहिलंय. पण जॉन फुलर यांचं या जोडप्यावरचं पुस्तक १९६६ मध्ये आलं आणि डॉक्टरांचं मत मागं पडून गोष्ट पुढं गेली.

इथं एक मासला नोंदवण्याजोगा आहे. बार्नीनं संमोहनाखाली ज्या तिरप्या, कानशिलापर्यंत ओढलेल्या डोळ्यांचं वर्णन केलं, त्या बैठकीच्या बाराच दिवस आधी, १० फेब्रुवारी १९६४ रोजी, 'द आउटर लिमिट्स' या मालिकेत तसल्याच डोळ्यांचा परग्रहवासी दिसला होता. संशोधक मार्टिन कॉटमायर यांनी पुढं हे दाखवून दिलं. बार्नीनं तो भाग पाहिला होता, याचा पुरावा नाही. २० ऑक्टोबर १९७५ला हिल दांपत्यावरचा चित्रपट दूरचित्रवाणीवर लागला आणि दोनच आठवड्यांनी ॲरिझोनात ट्रॅव्हिस वॉल्टन हा लाकूडतोड्या पाच दिवस बेपत्ता झाला. परतल्यावर त्यानं यानाची गोष्ट सांगितली. त्याच्यावर १९९३ मध्ये 'फायर इन द स्काय' निघाला. त्यात यानाच्या आत घडलेलं म्हणून जे अंगावर काटा आणणारं दाखवलंय, ते वॉल्टननं सांगितलेलंही नव्हतं. पटकथाकारानं ते रचलं होतं. १९८७ मध्ये व्हिटली स्ट्रीबर यांचं 'कम्युनियन' आलं, सत्यकथा म्हणून. त्याच्या मुखपृष्ठावरचा बदामी डोळ्यांचा चेहरा पुस्तकांच्या दुकानादुकानांत झळकला. परग्रहवासी कसा दिसतो हे तोवर अमेरिकेतल्या शाळकरी पोरालाही पाठ झालं होतं. अलिओटोच्या मुखवट्यांना वेगळी ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

झोपेचे अभ्यासक अशा अनुभवांकडे आणखी एका बाजूनं पाहतात. जाग आली आहे, पण शरीर अजून झोपेच्या ताब्यात. हात हलत नाही, आवाज फुटत नाही, खोलीत कुणीतरी असल्याची खात्री वाटते. अपहरणाच्या कितीतरी हकिकती याच अवस्थेशी जुळतात. आपल्याकडे छातीवर भूत बसतं ते याच वेळी. आणि ओळखीच्या वाटेवर रात्री चकवा लागून पहाटेपर्यंत फिरत राहिलेल्या माणसाच्या गोष्टी कोकणात घराघरांत आहेत. हिल दांपत्याचे हरवलेले तास आपल्या आज्यांना मुळीच नवे वाटले नसते. फक्त त्यांच्याकडे यान नव्हतं.

अलिओटोला १९९८ मध्ये दुसरी संधी मिळाली. यूपीएन वाहिनीसाठी त्यानं हीच गोष्ट जास्त पैशात पुन्हा काढली. आता प्रसंग थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचा, ठिकाण मोंटाना, कुटुंबाचं नाव मॅकफर्सन, आणि अधूनमधून 'तज्ज्ञां'च्या मुलाखती. २० जानेवारीला हा नवा चित्रपट दाखवला गेला. तंत्र सुधारलं होतं, नट सफाईदार होते आणि नेमकी त्यामुळं हवा गेली. गंमत म्हणजे या नव्या कुटुंबाचं आडनाव जुन्या चित्रपटाला चिकटलं. आज १९८९चा मूळ चित्रपट 'द मॅकफर्सन टेप' म्हणूनच ओळखला जातो, त्यात मॅकफर्सन कुणीही नसताना. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' यायला तेव्हा एक वर्ष होतं. कुणालातरी सापडलेलं खरं चित्रीकरण म्हणून चित्रपट दाखवण्याच्या या युक्तीची कीर्ती आणि कोट्यवधी डॉलर त्याच्या पदरात पडले.

विश्वास ओढून आणायला गेलं की काय होतं, याचा नमुना २००९चा 'द फोर्थ काइंड'. अलास्कातल्या नोम गावातली माणसं परग्रहवासी नेतात, हे खऱ्या चित्रफितींवर आधारलेलं आहे, असा दावा करून तो विकला गेला. प्रसिद्धीसाठी अलास्कातल्या वृत्तपत्रांच्या नावावर खोट्या बातम्या इंटरनेटवर टाकल्या. प्रकरण अंगाशी आलं आणि युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीला तडजोडीत अलास्का प्रेस क्लबला २० हजार डॉलर मोजावे लागले. नोममधल्या बेपत्ता माणसांचा तपास एफबीआयनं आधीच केला होता. कारणं निघाली दारू आणि जीवघेणी थंडी. खऱ्या माणसांच्या मृत्यूंवर उभी केलेली ही करमणूक मला किळसवाणी वाटते. अलिओटोच्या चित्रपटाला लोकांनी खरं मानलं तो अपघात होता. इथं तो धंद्याचा बेत होता.

अपघाताची वाट न बघता, खोटं न बोलता कमी पैशात हीच भीती उभी करता येते, हे अँड्र्यू पॅटरसननं 'द व्हास्ट ऑफ नाइट'मध्ये दाखवलं. खर्च सुमारे सात लाख डॉलर, स्वतःच्या खिशातले. पन्नासच्या दशकातलं न्यू मेक्सिकोमधलं एक काल्पनिक गाव, बास्केटबॉलचा सामना बघायला गेलेली गावकरी मंडळी, टेलिफोन एक्स्चेंजवर बसलेली मुलगी आणि रेडिओवरचा मुलगा. तारेतून एक अनोळखी आवाज येतो. एका ठिकाणी तर पडदा पूर्ण काळा होतो आणि आपण अंधारात बसून फोनवरच्या माणसाचं बोलणं नुसतं ऐकत राहतो. सुरुवातीलाच दिग्दर्शक सांगून टाकतो की ही जुन्या टीव्हीवरची मालिका आहे. तरी आपण बसल्या जागेवरून हलत नाही. अनेक महोत्सवांनी नाकारलेला हा चित्रपट २०१९ मध्ये स्लॅमडान्स महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा ठरला. माझ्या मते या प्रकारातला गेल्या काही वर्षांतला तोच सर्वांत चांगला.

'द मॅकफर्सन टेप' आता अमेरिकन जॉनर फिल्म आर्काइव्हनं डिस्कवर काढलाय. लांबी जेमतेम सव्वा तासाच्या आत. सुरुवातीचा वाढदिवस कंटाळवाणा वाटला तरी पुढं ढकलू नका. सगळी मेख त्या कंटाळ्यातच आहे. आणि शेवटी नावं येतील, तीही थांबून वाचा.