लस टोचल्यावर निरोप कोण नेतं?

डीएनए लशीत विषाणू नसतो. त्याच्या एखाद्या प्रथिनाचा आराखडा असतो. प्रथिन बनवतात मुख्यतः स्नायूंच्या किंवा त्वचेच्या पेशी, पण प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना पहिल्यांदा जागं करणं त्यांना जमत नाही. ते काम डेंड्रायटिक पेशींचं. या पेशी काही डीएनए स्वतः आत घेतात, शेजारच्या पेशींनी बनवलेलं प्रथिनही उचलतात; त्याचे तुकडे लसिकाग्रंथीत नेऊन टी पेशींसमोर मांडतात. त्वचेत त्या भरपूर असतात. म्हणूनच अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची ‘झायकोव्ह-डी’ ही माणसांसाठी मंजूर झालेली जगातली पहिली डीएनए लस (ऑगस्ट २०२१) सुईविना, त्वचेतच देतात.